लसीच्या रांगेत शेवटी बाबा

सोमवार, ३ मार्च

गावातले जनावरांचे डॉक्टर प्रायस हो म्हणाले. मी सगळं बोलणं पाठ करून गेले होते, त्यातलं निम्मंसुद्धा वापरावं लागलं नाही. त्यांचा हिशेब साधा आहे. सशांच्या त्या रक्तस्रावी तापाची लस एकेका डोसच्या छोट्या बाटलीतून टोचली तर परवडत नाही. मोठी बाटली घेतली तर एका सशामागे मासे-चिप्सच्या एका पुडीइतका खर्च येतो. पण मोठ्या बाटलीत एकदा सुई गेली की ती दोन तासांत संपवायची, उरेल ती फेकायची. म्हणजे पन्नासेक ससे एकाच सकाळी, एकाच जागी हवेत.

"ते तू जमव, जेम्मा," ते म्हणाले. "टोचायचं माझ्याकडे."

आमच्या हेकरशॉ गावात ससे काही कमी नाहीत. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या परसात पिंजरा आहे. लस मात्र कोणी देत नाही. 'पाच पौंडांचा ससा आणि त्याला पन्नासची सुई?' हे वाक्य मी काम करते त्या प्राण्यांच्या संस्थेच्या काउंटरवर 'गुड मॉर्निंग'पेक्षा जास्त वेळा ऐकलंय. मागच्या उन्हाळ्यात बुटांच्या खोक्यात मेलेला ससा घेऊन एक लहान मुलगी आली होती, तिला वाटत होतं आम्ही तो बरा करू. तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे.

गावातल्या कामगार क्लबात बायका ख्रिसमससाठी भिशी लावतात, दर शुक्रवारी थोडे थोडे पैसे. तशीच सशांची भिशी. एप्रिलच्या शेवटी क्लबाच्या हॉलमध्ये सगळ्यांना एकदम लस. गरिबाचा ससा गरिबासारखा मरू नये, एवढंच मला हवंय. (हे वाक्य जरा भाषणासारखं झालं. राहू दे.)

शुक्रवार, ७ मार्च

बाबा नाही म्हणाला.

माझ्या योजनेत सर्वांत जास्त ससे ज्याचे, तोच माझा बाप, आणि तोच नाही म्हणतो. त्याच्या शेडमध्ये लॉप जातीचे नऊ ससे आहेत. कान इतके लांब की चालताना जमिनीवरून फरफटतात. स्वतःच्याच कानावर पाय पडून कान फाटू नये म्हणून बाबा दर रविवारी त्यांची नखं कापतो. प्रदर्शनात पंच टेबलावर पट्टी ठेवून एका कानाच्या टोकापासून दुसऱ्या कानाच्या टोकापर्यंत मोजतो. सगळ्यांना यॉर्कशरमधल्या नद्यांची नावं आहेत: व्हार्फ, स्वेल, निड, कॅल्डर आणि बाकीचे. सगळे एकाच मादीच्या वंशातले. ती मादी हॅलिफॅक्सच्या बाजारात आईने निवडली होती, बाबा नको नको म्हणत असताना. आई गेली त्या वर्षी बाबाने टीव्ही बंद केला, चर्च बंद केलं, शेड बंद केली नाही. व्हार्फ अगदी त्या पहिल्या मादीच्या वळणावर गेलीय म्हणतो.

त्याचं म्हणणं, सुई टोचली की मानेवर गाठ राहते, आणि मे महिन्यात मोठं प्रदर्शन आहे. पंचाची बोटं मानेवरून फिरताना त्या गाठीवर थांबतात आणि ससा मागच्या ओळीत जातो. ससे दाखवणाऱ्या मंडळींत हे सगळे असंच मानतात.

मी म्हटलं, "तीस वर्षं बस चालवलीस, कधी ब्रेकशिवाय चालवलीस का?"

"ब्रेक दाबल्यावर बसच्या मानेला गाठ येत नव्हती, पोरी."

क्लबात त्याचा दोस्त वॉल्ट बसला होता. तोही लॉपवाला, गेली वीस वर्षं दरवेळी बाबाच्या खालच्या नंबरावर येणारा. तो म्हणाला, "क्लिफ, पोरगी शिकवलीस ना? भोग आता. आज सशांना सुई, उद्या त्यांना पेन्शन लावेल." बाबा त्याला म्हणाला, तू आधी तुझ्या सशांचे कान वाढव, मग माझ्या पोरीकडे तोंड वर करून बोल.

माझी बाजू घेतली, पण लस नाहीच घेतली. त्याचा दोष नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाला विषाणू म्हणजे काय ते एका संध्याकाळी पटवता येत नाही. धीर धरायला हवा.

सोमवार, १७ मार्च

दारोदार फिरून पाय दुखले. मिसेस ओल्ड्रॉइडनी नाव दिलं. त्या आईच्या मैत्रीण, कालव्याकडच्या शेवटच्या घरात एकट्या राहतात. त्यांच्या सशाचं नाव 'काउन्सिलर', म्हणजे नगरसेवक. "खातो, झोपतो आणि काही विचारलं की पाठ फिरवतो. दुसरं कोणतं नाव ठेवणार?" त्याच्यासाठी त्या रोज कालव्याच्या काठावरून डँडेलियनची पानं खुडून आणतात. म्हणजे खायचा खर्च नाही.

पण आकडा तिशीत अडकलाय. प्रायस म्हणाले, निदान चाळीस झाल्याशिवाय बाटली उघडणं त्यांना परवडणार नाही, तेवढे जमले नाहीत तर तारीख रद्द. घरी येऊन मी स्वयंपाकघरात बसून थोडी रडले. बाबाने विचारलं किती कमी पडतात. सांगितलं. तो उठून शेडमध्ये गेला.

रविवार, ३० मार्च

आज मदरिंग संडे, आयांचा रविवार. आईच्या थडग्यावर डॅफोडिल्स ठेवली. वारा असा होता की बाबाला टोपी हातात धरून उभं राहावं लागलं. परतताना फाटकाशी तो सहज म्हणाला, "माझे पण लिही. नऊच्या नऊ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मे महिन्याच्या प्रदर्शनाचं काय, विचारलं, तर म्हणाला, नाव काढून घेतलं, तसंही गुडघे दुखतात, दोन-दोन तास उभं राहवत नाही.

मी इतकी खूश झाले की रस्त्यातच त्याला मिठी मारली. मी स्वयंपाकघरात मुद्दाम लसीचं पत्रक टाकून ठेवलं होतं, तो चष्मा लावून ते वाचताना मला दिसला होता. माणसाला पटवून दिलं की पटतं, हा माझा विश्वास खरा ठरला. आणि त्याचे नऊ धरून आता चाळीसच्या वर गेलो.

वॉल्टला कळलं तेव्हा तो हसला नाही म्हणे. फक्त म्हणाला, "या वर्षी तुझ्या व्हार्फला पहिला नंबर होता, क्लिफ." बाबाने ते मला जेवताना सांगितलं, आणि लगेच विषय बदलून बटाट्यात मीठ कमी आहे म्हणाला.

शनिवार, १२ एप्रिल

पलीकडच्या खोऱ्यात साथ आली. एका शाळेतले सगळे ससे दोन दिवसांत गेले. वर्तमानपत्रात आलं आणि माझा फोन थांबेना. ज्यांनी मार्चमध्ये दार लावून घेतलं तेच आता विचारतात, अजून जागा आहे का. आता आकडा बाटलीच्या बाहेर जायला लागलाय.

चहाच्या वेळी बाबाने विचारलं, त्याचे ससे सकाळी सगळ्यांच्या आधी टोचून घेता येतील का. उबदार शेडमधून काढून जास्त वेळ थंड हॉलमध्ये ठेवले तर त्यांना सोसत नाही.

मी नाही म्हटलं. शांतपणे समजावलं. आयोजकाच्या घरचे ससे पहिले टोचले तर लोक काय म्हणतील? या गावात कौन्सिलमध्ये ज्याचा मेहुणा त्याचं छप्पर आधी दुरुस्त होतं, हे लहानपणापासून मला कोण सांगत आलं? बाबाच ना? मग आपले शेवटी. हेच बरोबर.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

एवढा अन्याय सहन केलेल्या माणसाला न्याय लगेच समजतो. विद्यापीठात मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवार, २६ एप्रिल

फार दमलेय. झालं. सगळं नीट झालं.

सकाळी नऊच्या आधीच क्लबाच्या दारापासून पबपर्यंत रांग होती. पिंजरे, खोकी, मांजराच्या टोपल्या, एकाने तर ससा कोटाच्या आत घालून आणलेला. हॉलमध्ये बिंगोच्या फळीखाली टेबल, टेबलावर टॉवेल, आणि डॉक्टर प्रायस बाह्या वर करून. एक बाई म्हणाली, इथे बसल्यावर उगाचच आकडा ओरडावासा वाटतो.

बाबा त्याच्या प्रदर्शनाच्या लाकडी पेट्या हातगाडीवर लादून आठलाच आला होता. म्हणजे खरं तर तो रांगेत पहिलाच होता. पण मी सांगितलं होतं ते त्याने पाळलं. मिसेस ओल्ड्रॉइड काउन्सिलरला उचलून धापा टाकत आल्या तर त्यांना म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा, मला घाई नाही." मग दोन पोरांना घेऊन आलेल्या बाईला पुढे सोडलं. मग एका आजोबांना. मग नाव न नोंदवता आलेल्यांनाही. कोणी नको म्हटलं की तो आणखी एक पाऊल मागे सरकायचा, आणि मग त्यांना पुढे जावंच लागायचं. आमच्याकडे रांगेत कोणी जागा दिली तर ती न घेणं म्हणजे भांडण. मी टेबलाजवळून पाहत होते. त्याच्याबद्दल इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

नावं न नोंदवलेल्यांना परत पाठवायला हवं होतं का? एक मुलगा, कोटातल्या सशाचा मालक, म्हणाला त्याने दुकानातला आजचा पगार कापून सुट्टी घेतलीय. मी त्याला कसं परत पाठवणार?

बाबा टेबलाशी पोचला तेव्हा प्रायसनी बाटली उलटी धरून उजेडात पाहिली आणि संपली म्हणून मान हलवली.

ते म्हणाले, दवाखान्यात छोट्या बाटल्या आहेत, तिथला दर लागेल. "तुझे ससे तसेही प्रदर्शनातले, क्लिफ, त्यांचं वेगळं आहे. थांब, गाडी काढून घेऊन येतो." बाबाचा हात खिशाकडे गेला. हॉलमध्ये सगळे पाहत होते, महिनाभर पैसा पैसा जमवलेले लोक. मी बाबाला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "त्यांच्यासमोर पाकीट काढून आपण आपलं करून घ्यायचं? मी त्यांना इतके दिवस जे सांगितलं त्याचं काय होईल? उरलेल्यांसाठी दुसरी तारीख सतरा मेला आहे. तेव्हा आपले सगळ्यांत पहिले. माझा शब्द."

त्याने पाकीट परत ठेवलं. "तू म्हणतेस तर सतराला."

पेट्या परत हातगाडीवर चढवताना त्याने एकेका पेटीवर आपलं जुनं जॅकेट, मफलर, टॉवेल असं काही ना काही टाकलं. वॉल्ट दारात उभा होता. तो म्हणाला, "सकाळी पहिला आलास आणि मोकळ्या हाताने चाललास. बसच्या नोकरीत असंच करायचास का?" बाबा म्हणाला, बसमध्ये ड्रायव्हर शेवटीच उतरतो.

बुधवार, ३० एप्रिल

काउन्सिलर गेला. मिसेस ओल्ड्रॉइडनी सकाळी फोन केला. रात्री नेहमीसारखं खाल्लं, सकाळी पिंजऱ्यात आडवा. मी पोचले तोवर त्यांनी त्याचं नाक रुमालाने पुसून त्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं होतं. रुमालावर थोडं लाल होतं. पडताना आपटला असेल. नऊ वर्षांचा होता, सशाच्या मानाने म्हातारा, आणि शनिवारची दगदग. परसात रूबार्बच्या वाफ्याशेजारी आम्ही त्याला पुरलं.

कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र बायकांचं ठरलंसुद्धा: सुईने मारला. प्रायस म्हणाले, हवं तर उकरून तपासू. पण तपासणीचे पैसे मिसेस ओल्ड्रॉइडनी द्यायचे की भिशीने, आणि उकरलं ही बातमी पसरली की सतराला कोण येईल? मी त्यांना म्हटलं, म्हातारपण आहे डॉक्टर, बाईंना आणखी त्रास नको. ते 'बरं' म्हणाले, पण जरा वेळाने.

गुरुवार, १ मे

मिसेस ओल्ड्रॉइडकडे पुन्हा गेले. रडून झालं होतं, आता पिंजरा घासत होत्या. जाताना त्यांनी वाळलेल्या गवताची अर्धी गोणी माझ्या हातात दिली. चांगलं हिरवट, सुवासिक गवत. त्या म्हणाल्या, "फेकायला माझा जीव होणार नाही. तुझ्या बाबाच्या पोरींना घाल. बिचाऱ्या त्या दिवशी तशाच परत गेल्या."

बाबा वॉल्टकडे गेला होता. मीच शेडमध्ये जाऊन नऊही पिंजऱ्यांत मूठ मूठ घातलं. व्हार्फ आधी वास घेते, मग असा भाव आणते की आपल्यावर उपकार करतेय, मग खाते. शनिवारच्या थंडीत ताटकळल्याबद्दल काहीतरी त्यांना मिळालं असं वाटून बरं वाटलं.

बाबाने आल्यावर विचारलं गवत कुठलं. सांगितलं. तो गोणीत हात घालून उभा राहिला.

"काउन्सिलर कशाने गेला म्हणालीस?"

"म्हातारपणाने."

"तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग ठीक आहे."

सोमवार, ५ मे

आज बँक हॉलिडे, सगळ्यांना सुट्टी. स्वेल सकाळी मेलेली आढळली. बाबा म्हणतो काल रात्री पाणी पीत होती.

मंगळवार, ६ मे

निड आणि कॅल्डर.

गुरुवार, ८ मे

लिहायचं नव्हतं, पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

काल आणखी चार गेले. आज सकाळी व्हार्फ. बाबा तिला मांडीवर घेऊन शेडच्या पायरीवर बसला होता, तिचे कान त्याच्या दोन्ही गुडघ्यांवरून खाली लोंबत होते. तिने एकदा मान मागे टाकली, पाय ताणले. मग नाकातून रक्ताचा थेंब आला. बाबाने तो अंगठ्याने पुसला आणि अंगठ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटचा दुपारी गेला. शेडमध्ये आता आवाज नाही.

डॉक्टर प्रायस आले. बघताक्षणीच म्हणाले, तोच ताप. ते आणि बाबा शेडमध्ये बोलत होते, मी चहा करत होते, म्हणजे किटलीसमोर उभी होते. नंतर प्रायस आत आले. त्यांनी सगळं विचारून घेतलं होतं: गेल्या पंधरवड्यात बाहेरून काही आलं का, नवा ससा, चारा, भांडी, दुसऱ्या घरचे बूट. बाबाने सांगितलं, काहीही नाही, सगळं नेहमीचंच. मग प्रायस म्हणाले, रानातल्या सशांकडून आलं असणार, कुंपणापलीकडे आहेतच. माशा आणतात, पक्षी आणतात.

मी त्यांना विचारलं, त्या शनिवारी टोचलं असतं तर?

ते टाळायला पाहत होते. मी पुन्हा विचारलं.

"आठवडाभरात बऱ्यापैकी संरक्षण येतं, जेम्मा. बहुतेक वाचले असते."

बहुतेक वाचले असते. संध्याकाळपासून हे एकच वाक्य डोक्यात आहे. तो रांगेत पहिला होता. त्याने पाकीट काढलं होतं. मी त्याच्या हाताला धरून, हळूच, नीट समजावून त्याला ते परत ठेवायला लावलं. लोक काय म्हणतील म्हणून. लोकांनी काय म्हटलं असतं? काही नाही. त्यांनी आपापले ससे उचलले असते आणि घरी गेले असते. तो न्याय नव्हताच. मला सगळ्यांसमोर न्यायी दिसायचं होतं.

शनिवार, १० मे

बाबाने परसात जाळ केला. पेंढा, चाऱ्याच्या पाट्या, जुन्या लाकडी पेट्या, गोणीसकट उरलेलं गवत. प्रदर्शनाच्या पेट्यांवर आईने पांढऱ्या रंगाने नंबर रंगवले होते. मी म्हटलं त्या धुऊन ठेवता येतील. तो म्हणाला, लाकडात मुरतं.

वॉल्ट कुंपणापलीकडे येऊन उभा राहिला. आत आला नाही, स्वतःच्या सशांची भीती असणार. मी टोमण्याची वाट पाहत होते. तो फक्त टोपी काढून उभा राहिला, मग म्हणाला, "क्लिफ, लाकडं ओली आहेत, धूर फार करतायत." आणि गेला. दुपारी परत येऊन कुंपणावर कोरड्या फळ्या ठेवून गेला.

बाबा मला अजून दोषाचा एक शब्दही बोललेला नाही. त्याने ओरडावं असं वाटतं.

गुरुवार, १५ मे

आज मी त्याला सांगितलं की सतराची तारीख रद्द करतेय, आणि भिशीही बंद. मला हा अधिकार नाही. ज्या मुलीला स्वतःच्या घरचे नऊ ससे सांभाळता आले नाहीत ती गावाला काय सांगणार?

तो भांडी पुसत होता. पुसत राहिला.

"पुढे ढकल. प्रायस म्हणतो गल्लीत साथ आहे तोवर गर्दी नको. पण रद्द करू नको."

मी म्हटलं काय फरक पडतो.

"बस उशिरा आली तर लोक शिव्या देतात आणि थांबतात. रद्द झाली की दुसऱ्या दिवशी थांब्यावर येतच नाहीत. जूनमधली तारीख घे."

मी त्या रांगेबद्दल बोलायला लागले. माफी मागायची होती, वाक्यं तयार होती. त्याने हात वर केला, बस थांबवताना करतात तसा. "माझ्या पायांनी उभा होतो मी तिथे. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं."

सात जून ठरवली. नावं न नोंदवलेल्यांसाठी छोट्या बाटल्या वेगळ्या ठेवायच्या, हे प्रायसशी बोलले. त्याचा जास्तीचा खर्च संस्थेने द्यावा म्हणून अर्ज करतेय.

शनिवार, ७ जून

सगळं आजच लिहिते, उद्या लिहिणार नाही.

लोक आले. पहिल्या वेळेपेक्षा जास्त. साथीने गल्लीत आणखी काही घरांत ससे गेले होते, पण ज्यांना एप्रिलमध्ये सुई मिळाली ते काउन्सिलर सोडून सगळे टिकले. दुकानातल्या बायकांनी सुईला दोष देणं थांबवलंय. बाबा हॉलच्या चहाच्या खिडकीत उभा राहून कप भरत होता. रांगेतली माणसं त्याच्याशी हवामानावर बोलत होती, सशांवर कोणी बोलत नव्हतं. मिसेस ओल्ड्रॉइड तिथेच खुर्चीवर बसून बिस्किटं मोजत होत्या.

अकराच्या सुमाराला कार्ली नावाची एक बाई आली, मागच्या आठवड्यात तिचा ससा गेला होता. हातात ससा नव्हता, गवताची पिशवी होती. रांगेतल्या कुणाला तरी द्यायला आणली होती, फुकट जाऊ नये म्हणून. म्हणाली, महाग असतं हो, कोणाच्या तरी उपयोगी पडू दे.

डॉक्टर प्रायस टेबल सोडून दारापर्यंत गेले. मी त्यांना कधी इतक्या घाईने चालताना पाहिलं नव्हतं. "आत आणू नकोस. जिथे ससा मेला तिथलं गवत म्हणजे सगळ्यांत वाईट. ते एका पिंजऱ्यात गेलं की पुढच्या आठवड्यात तो पिंजरा रिकामा." तिला वाईट वाटू नये म्हणून मग ते हसून काहीतरी बोलले. ती 'मला माहीत नव्हतं' म्हणत पिशवी छातीशी धरून उभी राहिली.

माझ्या हातात पेन होतं. मी कुणाचं तरी अर्धं नाव लिहिलं होतं.

मी वर पाहिलं तेव्हा बाबा चहाच्या खिडकीतून माझ्याकडेच पाहत होता. लगेच किटली खाली ठेवून बाहेर आला, मिसेस ओल्ड्रॉइडच्या खुर्चीसमोर आडवा उभा राहिला, म्हणजे त्यांना दार दिसू नये असा, आणि कार्लीला मोठ्या आवाजात म्हणाला, "इकडे दे ती, बाई. मी जाळतो. माझ्या परसात जागा आहे." आणि पिशवी घेऊन मागच्या दाराने गेला. मिसेस ओल्ड्रॉइड बिस्किटं मोजत राहिल्या. त्यांना कमी ऐकू येतं, देवाची कृपा.

शेवटचा ससा होईपर्यंत मी नावं लिहिली. अक्षर बरं आलंय, मी नंतर पाहिलं.

घरी परतताना कालव्याच्या पुलावर मी थांबले.

"तुला माहीत होतं."

"काय?"

"गवत."

तो कठड्याला टेकला. गुडघा चोळला. "कुंपणापलीकडे रानटी ससे काय कमी आहेत, पोरी? प्रायसनेच सांगितलं."

"ते तीस वर्षं तिथे आहेत."

"मग यंदा आले असतील आत."

"बाबा. तू त्याला खोटं सांगितलंस. त्याने विचारलं, बाहेरून काही आलं का. तू गोणीसुद्धा जाळलीस."

खालून एक बोट गेली. बोटीवरच्या माणसाने हात केला, बाबानेही केला. बोट वळणावर जाईपर्यंत तो तिच्याकडे पाहत राहिला.

"व्हार्फ गेली तेव्हा कळलं," तो म्हणाला. "नाकाचं पाहिल्यावर. ओल्ड्रॉइडबाईच्या रुमालाचं तू मला सांगितलं होतंस."

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस. महिनाभर मी त्या रांगेला दोष देत होते, त्याच्यासमोर, रोज, आणि त्याने ऐकून घेतलं.

"रांगेचं तुला झेपत होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी गवताचंही सांगितलं असतं, तर आज त्या हॉलमध्ये उभी राहिली असतीस का?"

 तो उत्तरासाठी थांबला नाही, पूल उतरायला लागला, एका हाताने कठडा धरून, कारण उतारावर त्याचे गुडघे जास्त दुखतात. मी मागून गेले.

उभी राहिले नसते. हे त्याला सांगितलं नाही, इथे लिहितेय.